वाटेवर भेटलेली माणसं

नऊ वर्षांची एक मुलगी. आईवडिलांबरोबर आणि धाकट्या बहिणीबरोबर यात्रेला निघालेली. गोदावरीच्या काठी एका गावात ही मंडळी दोन दिवस मुक्कामाला थांबली. सकाळी वडील नदीवर स्नानाला गेले. तिथं त्यांना एक विद्वान दिसणारा प्रवासी भेटला. जात, कुळ, गोत्र विचारून झालं. गृहस्थ विधुर आहेत, असं कळलं. चाळिशी उलटलेली. तासाभराच्या बोलण्यात लग्न ठरलंसुद्धा! दुसऱ्या दिवशी लग्न लागलं आणि मुलीचे आईवडील पुढच्या वाटेला लागले. ती नऊ वर्षांची पोर एका अनोळखी माणसाच्या हाताला धरून माहेरापासून जवळजवळ नऊशे मैल दूर निघून गेली.

वाचतानाच अंगावर काटा येतो ना? मलाही आला. पण ही मुलगी नशिबाची खरी. तो अनोळखी माणूस म्हणजे अनंतशास्त्री डोंगरे, आणि ती मुलगी म्हणजे लक्ष्मीबाई. पंडिता रमाबाईंची आई.

रमाबाईंबद्दल आपण शाळेत चार ओळी वाचलेल्या असतात. शारदा सदन, मुक्ती सदन, विधवांसाठी कार्य, झालं. पण मी जेव्हा जेव्हा त्यांच्या आयुष्याबद्दल वाचते, तेव्हा मला तो एक लांबच लांब प्रवास वाटतो. आणि त्या प्रवासात प्रत्येक वळणावर कुणीतरी अनोळखी उभं आहे. कधी हात देणारं, कधी दार लावून घेणारं. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं, की बाईच्या जातीनं परक्याशी फार बोलू नये, प्रवासात कुणाचं काही घेऊ नये. ते चूक आहे असं मी म्हणत नाही. पण रमाबाईंचं सगळं आयुष्य परक्या माणसांनीच घडवलं, हेही तितकंच खरं.

अनंतशास्त्र्यांना बायकोला शिकवायचं वेड कुठून लागलं, तेही बघा. तरुणपणी ते पुण्याला रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकत होते. गुरूंबरोबर दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात जायचा योग आला. तिथं पेशव्यांच्या घरातली एक बाई शुद्ध संस्कृत म्हणताना त्यांनी ऐकली. बस! बायकासुद्धा शिकू शकतात, हे मनात पक्कं बसलं. पहिल्या बायकोच्या वेळी घरच्यांनी त्यांचं काही चालू दिलं नाही. लक्ष्मीबाईंना मात्र त्यांनी संस्कृत शिकवलंच. लोक ओरडू लागले, धर्मसभेत जाब द्यावा लागला. शेवटी पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात जाऊन त्यांनी घर बांधलं. त्या रानात २३ एप्रिल १८५८ ला रमाबाईंचा जन्म झाला.

रमा सहा महिन्यांची असताना पैसा संपला आणि बिऱ्हाड मोडलं. वेताच्या पेटीत घालून तिला डोंगरावरून खाली आणलं गेलं. तेव्हापासून जो प्रवास सुरू झाला, तो कित्येक वर्षं थांबलाच नाही. देवळात नाहीतर नदीच्या घाटावर बसायचं, पुराण सांगायचं. ऐकणारे फुलं, फळं, धान्य, दोन पैसे ठेवतील त्यावर दिवस काढायचा. एका गावात चार दिवस, पुढच्या गावात आठ. या चालत्या घरात आईनं रमेला शिकवलं. पहाटे उठवून, मांडीवर घेऊन पाठांतर करून घ्यायचं. भागवताचे हजारो श्लोक तिला तोंडपाठ झाले. वाटेत भेटणाऱ्या लोकांकडून कानडी, हिंदी अशा भाषा येत गेल्या. मराठी तर घरचीच.

मग दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. भांडीकुंडी, दागिने, सगळं विकून झालं. पुराण ऐकायला लोकांकडेच खायला नाही, तिथं पुराणिकाला कोण काय देणार? भीक मागायची लाज, आणि कष्टाची कामं करायची सवय नाही. शेवटचा दाणा संपला तेव्हा तिरुपतीजवळच्या जंगलात जाऊन मरायचं, असं या कुटुंबानं ठरवलं. अकरा दिवस पाणी, पाला आणि रानखजूर यांवर काढले. म्हातारे वडील तर जलसमाधी घ्यायला निघाले होते. तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास पुढं झाला. मोलमजुरी करीन, पण तुम्हाला जगवीन, असं त्यानं सांगितलं. पण उशीर झाला होता. १८७४ मध्ये वडील गेले.

मागोमाग आई तापानं आजारी पडली. तापातच तिला बाजरीची भाकरी खावीशी वाटली. रमा सोळा वर्षांची. जन्मात कुणाच्या दारात हात पसरलेला नाही. ती एका बाईच्या दारात जाऊन उभी राहिली, पण तोंडातून शब्द फुटेना. डोळ्यांतून नुसतं पाणी. त्या बाईनंच प्रेमानं विचारलं, तेव्हा कसंबसं सांगून झालं. बाईनं भाकरी दिली. रमा धावत आईकडे गेली. पण आईला आता घास गिळायची शुद्धच राहिली नव्हती. थोड्याच दिवसांत तीही गेली.

त्या बाईचं नाव कुठंही लिहिलेलं नाही. तिलाही कधी कळलं नसेल, की आपल्या दारात कोण रडत उभी होती. पण पन्नाशीच्या जवळ आल्यावर रमाबाईंनी स्वतःची हकिगत लिहिली, तेव्हा ही बाई त्यांना आठवली. भाकरीचा एक तुकडा तीस वर्षांनंतरही लक्षात राहिला होता.

आईला स्मशानात न्यायला माणसं मिळेनात. अखेर दोन ब्राह्मणांना दया आली. तिसरा भाऊ. आणि चौथी? चौथी रमा. उंची कमी, म्हणून खांद्याला खांदा लागेना. तिनं आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला आणि जवळजवळ तीन मैल चालली. बाईनं तिरडीला हात लावायचा नाही असा तो काळ. पण वेळ आली की बाई काय काय उचलते, हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको.

पुढं मोठी बहीणही वारली. उरले दोघं, भाऊ आणि बहीण. ही दोघं सुमारे ४००० मैल पायी चालली. पंजाबात झेलम नदीच्या काठी कडाक्याची थंडी आणि अंगावर पुरेसं पांघरूण नाही. मग काय केलं? नदीकाठच्या वाळूत दोन खड्डे खणले, त्यांत झोपले आणि डोकं बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली! खायला मूठभर भिजवलेलं धान्य आणि चिमूटभर मीठ.

असं करत १८७८ मध्ये ती कलकत्त्याला पोचली. आणि इथं नशीब पालटलं. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, हे बघून तिथले पंडित थक्क झाले. परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेनांच्या घरी गेली असता त्यांनी तिच्या हातात वेदाची प्रत ठेवली. बायकांनी वेद वाचायचे नसतात, असंच तिच्या घरी शिकवलेलं. इतक्या पुढारलेल्या वडिलांनीसुद्धा ते दार उघडलं नव्हतं. ते एका परक्या माणसानं उघडलं.

१८८० मध्ये भाऊही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी. १८८१ मध्ये मुलगी झाली, मनोरमा. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीनं नवरा गेला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर तान्हं मूल, माहेर नाही आणि सासर असून नसल्यासारखं. अशा अवस्थेत त्या पुण्याला आल्या आणि रडत बसण्याऐवजी त्यांनी आर्य महिला समाज काढला.

१८८३ मध्ये मुलीला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. तिथं वाँटेज गावातल्या ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात राहिल्या आणि त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून इकडे मोठं वादळ उठलं. त्याबद्दल आजही दोन मतं आहेत, आणि ती ज्याची त्यानं ठेवावीत. मला एवढंच दिसतं, की धर्म बदलल्यावरही त्यांनी आपलं शाकाहारी जेवण सोडलं नाही, आणि तिथल्या धर्मगुरूंचं सगळं मुकाट्यानं ऐकूनही घेतलं नाही. पटेल तेच करायचं, हा वडिलांचा वारसा.

११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला रमाबाई हजर होत्या. आनंदीबाईंची गोष्टही अशीच. अमेरिकेतल्या कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या. तिथं पडलेल्या मासिकात एका हिंदुस्थानी मुलीच्या शिकण्याच्या धडपडीबद्दल त्यांनी वाचलं आणि पत्र धाडलं. ओळख ना पाळख! पुढं त्याच बाई आनंदीबाईंच्या मावशी झाल्या. डॉक्टर होऊन परतलेली ती गुणी मुलगी १८८७ मध्ये बाविसाव्या वर्षाच्या आतच गेली, हे दुःख मात्र सगळ्यांच्या वाट्याला आलं.

रमाबाई अमेरिकेत तीनेक महिन्यांसाठी गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. गावोगाव फिरून हिंदुस्थानातल्या बालविधवांबद्दल त्या बोलल्या. लहानपणी देवळात पुराण सांगणारी मुलगी आता साता समुद्रापलीकडे सभा गाजवत होती. ऐकणाऱ्या बायकांनी हिंदुस्थान नकाशातही धड बघितलेला नसेल. पण १८८७ मध्ये बोस्टनला त्यांनी रमाबाई असोसिएशन काढली आणि दहा वर्षं पैसा पुरवायचं कबूल केलं. याच काळात रमाबाईंना हॅरिएट टबमन भेटली. गुलामीत जन्मलेली, तिथून पळून सुटलेली, आणि पुन्हा पुन्हा परत जाऊन इतरांना सोडवून आणणारी ही कृष्णवर्णीय बाई. दोघींचं जग किती वेगळं! पण पुढं रमाबाईंनी जे केलं ते बघितलं, की मला ही भेट फार महत्त्वाची वाटते.

११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई. ११ मार्च १८९३ ला तिचं लग्न धोंडो केशव कर्वे यांच्याशी झालं. त्याच आपल्या बाया कर्वे. आनंदीबाईंची पदवी, सदनाची सुरुवात, गोदूबाईंचा पुनर्विवाह, तिन्ही ११ मार्चला! योगायोग म्हणा हवं तर. सदन पुण्याला आल्यावर १८९३ मध्येच धर्मांतराच्या संशयावरून पुन्हा गहजब झाला. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई जागच्या हलल्या नाहीत.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या वाचून त्यांना स्वस्थ बसवेना. उपाशी पोरगी कशी दिसते, हे त्यांना पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं. स्वतः तिकडे जाऊन त्यांनी मुली गोळा केल्या. हाडांचे सापळे झालेल्या, खरजेनं भरलेल्या, कुणाच्या कोण ते ठाऊक नसलेल्या. अशा सुमारे ३०० मुली. पुण्यात तेव्हा प्लेगचे निर्बंध होते. एवढ्या मुलींना तिथं ठेवता येईना. म्हणून पुण्यापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर केडगावला घेतलेल्या शेतात त्यांना नेलं. आधी झोपड्या, मग इमारती. तेच मुक्ती सदन. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तिथूनही मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विचार करा, आपल्याकडे चार पाहुणे जास्त आले तरी कणीक पुरेल का म्हणून आपला जीव वरखाली होतो!

आणि नुसतं खाऊपिऊ घालून भागणार नव्हतं. मुली विणायला, शिवायला शिकल्या, शेती केली, गाईम्हशी सांभाळल्या, छापखान्यात खिळे जुळवले. अंध मुलींना बोटांनी वाचायला शिकवलं. उद्या कुणाच्या दारात उभं राहायची वेळ येऊ नये, म्हणून हातात काम दिलं.

१९२१ मध्ये मनोरमा वारली. आईच्या कामाचा सगळा भार तिनं उचलला होता. तो घाव सोसून रमाबाईंनी हाती घेतलेलं बायबलचं मराठी भाषांतर पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या.

पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागतं. मुक्ती मिशनचं काम तिथं आजही चालू आहे. कधी त्या वाटेनं गेलात तर मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. आणि सांगताना पदव्या, परदेश, सभा यांच्याबरोबर त्या भाकरी देणाऱ्या बाईबद्दलही सांगा. तिनं जातकुळी विचारत वेळ काढला नाही, उपदेश केला नाही. पोरीला बोलता येईना, तर स्वतः विचारलं, आणि घरात होतं ते दिलं. आपल्या गल्लीतही अशी एखादी असते, जिला तोंड उघडून मागता येत नाही. पुढच्या वेळी ती दारात घुटमळताना दिसली, तर आपणच आधी विचारू या.