परधर्माचा मान राखणारा जैन प्रवक्ता : श्री. वीरचंद राघवजी गांधी

पाश्चात्य जगताला जैन धर्माचा परिचय करून देणाऱ्या महानुभावांत श्री. वीरचंद राघवजी गांधी यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. तथापि त्यांच्या चरित्रातील आम्हांस सर्वाधिक स्मरणीय वाटणारा प्रसंग स्वधर्माच्या प्रतिपादनाचा नसून, परधर्मीयांच्या बाजूने उभे राहण्याचा आहे.

सौराष्ट्रातील महुवा येथे २५ ऑगस्ट १८६४ रोजी त्यांचा जन्म झाला. १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते पदवीधर झाले आणि पुढल्याच वर्षी 'जैन असोसिएशन ऑफ इंडिया'चे मंत्रिपद त्यांच्याकडे आले. पालिताण्याच्या यात्रेकरू-कराचा तंटा मिटविण्यात त्यांचे मोठे परिश्रम होते. सम्मेदशिखर तीर्थावरील चरबीच्या कारखान्याविरुद्धच्या खटल्यासाठी तर कलकत्त्यास राहून ते बंगाली भाषा शिकले.

१८९३ मध्ये शिकागो येथे भरलेल्या विश्वधर्मपरिषदेचे निमंत्रण वस्तुतः आचार्य श्री विजयानंदसूरीश्वरजी (आत्मारामजी) महाराजांना होते. साध्वाचारामुळे त्यांना जाणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी वीरचंदभाईंना तयार करून पाठविले. काठियावाडी पागोटे घातलेला हा २९ वर्षांचा श्रावक सर्वांच्या नजरेत भरला.

परिषदेत लंडनहून आलेले पाद्री डॉ. जॉर्ज पेंटेकॉस्ट यांनी देवदासींच्या प्रथेवरून हिंदू धर्मावर कठोर आघात केला. जैन धर्माविषयी त्यात अवाक्षरही नव्हते. वीरचंदभाई स्वस्थ बसले असते, तरी कोणी त्यांस दोष दिला नसता. परंतु २५ सप्टेंबर रोजी बोलावयास उभे राहताच, स्वतःच्या विषयाआधी, त्यांनी त्या टीकेचाच समाचार घेतला. समाजातील कुप्रथा धर्मामुळे नव्हे, तर धर्माला डावलून निर्माण होतात, आणि त्या सर्वच देशांत आढळतात, असे त्यांनी सभेला ठणकावून सांगितले. उत्तर धारदार होते. मात्र त्याचा रोख टीकाकारांवर होता, येशूवर नव्हे. समारोपाच्या सभेत त्यांनी हत्ती आणि आंधळे यांची कथा सांगितली. अनेकान्त इतक्या सोप्या रीतीने परकीयांना क्वचितच कोणी समजावला असेल.

१८९४ मध्ये त्यांनी येशूच्या अज्ञात जीवनावरील नोटोविच यांच्या फ्रेंच ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. त्या ग्रंथातील दावे विद्वानांनी पुढे अमान्य केले, हे खरे. परंतु एका जैन श्रावकाने ख्रिस्तचरित्रासाठी लेखणी झिजवावी, हेही लक्षणीय आहे. या स्नेहाचे फळ १८९६-९७ च्या दुष्काळात दिसले. वीरचंदभाईंनी अमेरिकेत साहाय्य समिती स्थापन केली. धर्मपरिषदेचे सूत्रधार चार्ल्स बॉनी तिचे अध्यक्ष झाले आणि भारतासाठी धान्याचे जहाज रवाना झाले.

खेदाची गोष्ट अशी, की परकीयांनी आदर केला तेव्हा स्वकीयांपैकी काहींनी समुद्रोल्लंघनाबद्दल त्यांना जातिबहिष्कृत करण्याची मागणी केली. कडाक्याच्या थंडीतही केवळ शुद्ध शाकाहारावर राहणाऱ्या या माणसाला त्याचेच लोक वाळीत टाकू पाहतात, याची खंत स्वामी विवेकानंदांनी १८९४ च्या एका पत्रात व्यक्त केली आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात आपण ही नोंदही लपवू नये.

७ ऑगस्ट १९०१ रोजी, वयाची ३७ वर्षे पूर्ण होण्याआधीच, त्यांचे देहावसान झाले. भारतीय टपाल खात्याने २००२ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. त्यावरही ते काठियावाडी वेषातच आहेत.