फादर डेमियन

प्रशांत महासागराच्या अफाट विस्तारात हवाई नावाचा एक बेटसमूह आहे. त्यांतील मोलोकाई या बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर एक चिंचोळे भूशिर समुद्रात शिरलेले आहे. त्याच्या तीन बाजूंना खवळलेला समुद्र आणि चौथ्या बाजूस सुमारे दोन हजार फूट उंचीचा सरळसोट कडा. तेथे उतरलेल्या दुबळ्या मनुष्याला स्वतःच्या पायांनी परत जाणे अशक्यच होते. म्हणूनच हवाईच्या राजसरकारने ही जागा कुष्ठरोग्यांसाठी निवडली. त्या काळी या रोगावर औषध नव्हते आणि लोकांना त्याची विलक्षण धास्ती वाटे. १८६५ मध्ये कायदा झाला व पुढल्याच वर्षापासून रोग्यांना आईबापांपासून, मुलाबाळांपासून तोडून जहाजाने तेथे आणून सोडण्यास प्रारंभ झाला.

या जागेपासून हजारो मैल दूर, बेल्जियम देशातील ट्रेमेलो या खेड्यात ३ जानेवारी १८४० रोजी जोसेफ डी व्हॉयस्टर याचा जन्म झाला. त्याचे वडील धान्याचा व्यापार करीत. मुलाने आपला धंदा पुढे चालवावा अशी त्यांची इच्छा होती; परंतु जोसेफचे मन धर्मसेवेकडे ओढ घेत होते. थोरला भाऊ ज्या संन्यस्त संघात होता त्याच संघात तोही दाखल झाला आणि डेमियन हे नवे नाव त्याने धारण केले.

१८६० मध्ये पॅरिस येथे त्याने आजन्म व्रताची शपथ घेतली. त्या प्रसंगी व्रत घेणाऱ्यांच्या अंगावर प्रेतावर घालावयाचे वस्त्र पसरीत असत. आपले पूर्वीचे आयुष्य संपले, येथून पुढचे सारे ईश्वराचे, असा त्याचा अर्थ. वीस वर्षांचा डेमियन तो क्षण कधी विसरला नाही.

पुढे थोरल्या भावाची हवाई बेटांवर नेमणूक झाली, पण ऐन वेळी तो तापाने आजारी पडला. तेव्हा त्याच्या जागी मला पाठवा, असे पत्र डेमियनने थेट संघाच्या प्रमुखांना लिहिले. परवानगी मिळाली. १८६४ च्या मार्च महिन्यात तो होनोलुलू बंदरात उतरला व त्याच वर्षी त्यास धर्मगुरूची दीक्षा मिळाली. यानंतरची नऊ वर्षे त्याने हवाईच्या मोठ्या बेटावर, ज्वालामुखींच्या प्रदेशातील गावे हिंडत काढली.

१८७३ मध्ये बिशपांनी आपल्या धर्मगुरूंपुढे मोलोकाईचा प्रश्न मांडला. चौघे जण पुढे आले. प्रत्येकाने काही आठवडे राहावे व पाळीपाळीने परतावे, असे ठरले. पहिली पाळी फादर डेमियन यांची होती. १० मे रोजी ते कलावाओ येथे पोहोचले आणि थोड्याच दिवसांत मला येथेच राहू द्यावे अशी विनंती त्यांनी वरिष्ठांना केली. ते मग परतले नाहीत.

राहावयास घर नव्हते, म्हणून पहिल्या रात्री त्यांनी केवड्याच्या जातीच्या एका झाडाखाली काढल्या. सडलेल्या जखमांची दुर्गंधी त्यांना प्रथम सहन होत नसे. ती झाकण्यासाठी ते पाईप ओढीत. वस्तीत पुरेसे पाणी नव्हते, तेव्हा रोग्यांना हाताशी धरून त्यांनी दरीतील झऱ्याचे पाणी नळांनी आणले. त्यांनी घरे बांधली, जखमा धुतल्या, शेकडो शवपेट्या स्वतः तयार केल्या आणि थडगीही खणली. स्वभावाने ते हट्टी होते. लाकूड, कापड, औषधे यांसाठी अधिकाऱ्यांना ते एकसारखी पत्रे पाठवीत आणि त्यामुळे वरिष्ठांशी त्यांचे खटके उडत. पण गोडबोल्या माणसाला त्या जागी एवढे तरी साधले असते काय, अशी शंका येते.

सर्वांत कठीण होता एकटेपणा. कॅथलिक पंथात धर्मगुरूलाही दुसऱ्या धर्मगुरूपुढे आपल्या पापांची कबुली द्यावी लागते. एकदा त्यांचे वरिष्ठ जहाजातून आले, परंतु त्यांना किनाऱ्यावर उतरू देण्यास कप्तानाने नकार दिला. फादर डेमियन यांनाही जहाजावर चढण्याची मनाई होती. तेव्हा लहान होडीत उभे राहून, वर कठड्याशी उभ्या असलेल्या वरिष्ठांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात त्यांनी आपली पापे फ्रेंच भाषेत सांगितली.

१८८४ च्या डिसेंबर महिन्यात चुकून कढत पाण्यात त्यांचा पाय पोळला. कातडीवर फोड उठले, पण वेदना झाली नाही! त्यांनी ओळखले, की रोग आपल्या शरीरात शिरला आहे. तरीही काम थांबले नाही. शेवटच्या वर्षांत काही मदतनीस आले. १८८८ मध्ये मदर मेरियन कोप या आपल्या सहकारी भगिनींसह वस्तीत राहावयास आल्या. अनाथ रोगी मुलांची चिंता मिटली. १५ एप्रिल १८८९ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, फादर डेमियन यांनी देह ठेवला.

ज्या १८७३ साली ते मोलोकाईस गेले, त्याच साली नॉर्वेतील हान्सेन या डॉक्टरांना या रोगाचे जंतू दिसले होते. आज हा रोग औषधांनी पूर्ण बरा होतो. हवाईतील सक्तीचा कायदा मात्र १९६९ पर्यंत टिकला.

ज्या झाडाखाली ते पहिल्या रात्री झोपले, त्याच्याच जवळ त्यांना पुरले होते. १९३६ मध्ये बेल्जियमने त्यांचा देह मायदेशी नेला आणि २००९ मध्ये पोपनी त्यांना संतपद दिले. मोलोकाईच्या लोकांना आपले फादर परत हवे होते. अखेर १९९५ मध्ये त्यांचा उजवा हात कलावाओला परत आणला गेला आणि त्या जुन्या थडग्यात ठेवण्यात आला.