डॉ. लिलियन गिलब्रेथ : एक चिरविद्यार्थिनी

परीक्षेचा निकाल लागला की ज्यांची नावे त्यात नसतात त्यांचे चेहरे उतरतात, आणि घरी गेल्यावर आईबापांचे चेहरे त्याहूनही अधिक उतरतात. नाव लागले नाही म्हणजे वर्षभराचा अभ्यास पाण्यात गेला, अशी आपणा सर्वांची समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे याचा विचार करण्यास साहाय्य होईल, असे एक चरित्र आम्ही यंदा आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहो. ज्या बाईंचे हे चरित्र आहे, त्यांचा प्रबंध लिहून पुरा झाल्यावरही त्यांच्या विद्यापीठाने त्यांना पदवी नाकारली होती. तथापि उद्योगधंद्यांतील मानसशास्त्राच्या आद्य प्रवर्तकांत आज त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

लिलियन मोलर यांचा जन्म अमेरिकेतील कॅलिफोर्निया संस्थानात ओकलंड शहरी २४ मे १८७८ रोजी झाला. घराणे मूळचे जर्मन व सुखवस्तू होते. लिलियन या भावंडांत वडील. परंतु स्वभाव इतका लाजाळू की नऊ वर्षांच्या होईपर्यंत त्यांचे शिक्षण घरीच झाले. पुढे शाळेत त्यांची बुद्धी चमकू लागली. मुलीच्या जातीला कॉलेजचे शिक्षण कशाला, असे वडिलांचे मत होते. ते मुलीने मोठ्या चिकाटीने पालटविले. घरी राहून व धाकट्या भावंडांकडे लक्ष देऊन त्या बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकल्या आणि १९०० साली इंग्रजी वाङ्मय घेऊन पदवीधर झाल्या. त्या वर्षीच्या पदवीदान समारंभात त्यांनी भाषण केले. त्या विद्यापीठात असा मान मिळालेली ही पहिलीच स्त्री होय. एके काळी चारचौघांत तोंड उघडण्यास भिणारी ती हीच मुलगी!

पुढील अभ्यासासाठी त्या न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात गेल्या. ज्या प्राध्यापकांच्या हाताखाली वाङ्मयाचा अभ्यास करावा म्हणून त्या तेथवर गेल्या, ते स्त्रियांना आपल्या वर्गात घेत नसत. निराशा झाली खरी. पण त्याच ठिकाणी थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञांची व्याख्याने त्यांच्या कानी पडली आणि मनुष्य शिकतो कसा, या प्रश्नाची गोडी त्यांना लागली. लवकरच प्रकृती बिघडल्यामुळे त्यांना घरी परतावे लागले. १९०२ साली बर्कलेहूनच, बेन जॉन्सन या नाटककाराच्या एका नाटकावर प्रबंध लिहून, त्यांनी एम्. ए. ची पदवी मिळविली.

१९०३ साली युरोपच्या प्रवासास निघाल्या असता बोस्टन येथे त्यांची फ्रँक गिलब्रेथ यांच्याशी ओळख झाली. हे गृहस्थ कॉलेजात गेलेले नव्हते. सतराव्या वर्षी ते गवंड्याच्या हाताखाली उमेदवार म्हणून राहिले आणि पुढे स्वतःच्या हिमतीवर मोठे कंत्राटदार झाले. उमेदवारीतच त्यांच्या ध्यानात आले की, कोणतेही दोन गवंडी एकाच रीतीने वीट रचीत नाहीत. एक वीट बसविण्यास गवंड्याला अठरा हालचाली कराव्या लागत. विटा व चुना हाताच्या बेताच्या उंचीवर ठेवण्याची सोय करून फ्रँक यांनी त्या चारपाचांवर आणल्या. १९०४ साली या दोघांचा विवाह झाला. आपली पत्नी आपल्या कार्यातही भागीदार व्हावी अशी फ्रँक यांची इच्छा होती. म्हणून लिलियनबाईंनी वाङ्मयाचा अभ्यास बाजूस ठेवून मानसशास्त्र हाती घेतले. पदवीधर न झालेल्या पतीची विद्या व एम्. ए. झालेल्या पत्नीची विद्या यांचा असा संगम झाला.

त्या काळी अमेरिकेतील कारखान्यांत टेलर नावाच्या इंजिनियराच्या पद्धतीचा बोलबाला होता. हाती घड्याळ घेऊन कामाचा वेळ मोजावा व तो कमी कसा होईल ते पाहावे, असा तिचा रोख. मजुरांना मात्र या घड्याळाची धास्ती वाटे. आपल्याकडून अधिक काम पिळून घेण्याचा हा डाव आहे, असा त्यांचा संशय होता व तो अगदीच निराधार होता असे म्हणवत नाही. गिलब्रेथ दांपत्याने काळापेक्षा हालचालींवर दृष्टी ठेविली. चलच्चित्राच्या यंत्राने काम करणाऱ्याच्या हातांची चित्रे घ्यावी आणि शोधणे, उचलणे, धरणे, नेणे अशा मूळ क्रियांत त्या कामाची फोड करावी, अशी त्यांची रीत होती. या मूळ क्रियांना त्यांनी आपले आडनाव उलटे करून थर्ब्लिग असे गमतीदार नाव दिले. यात लिलियनबाईंनी जी भर घातली ती फार मोलाची आहे. काम करणारा मनुष्य यंत्राचा भाग नव्हे, त्याला मन आहे, आणि प्रत्येकाचे मन निराळे आहे, हे त्यांचे सूत्र होते. मनुष्य थकतो कशाने, त्याला विश्रांती केव्हा द्यावी, कोणत्या उत्तेजनाने त्याला काम आपलेसे वाटते आणि नवे काम त्याला शिकवावे कसे, हे प्रश्न त्यांनी शास्त्राच्या कक्षेत आणले.

याच विषयावर त्यांनी मोठा प्रबंध लिहिला व १९११ साली पुरा केला. विद्यापीठाने तो मान्यही केला. परंतु शेवटचे वर्ष विद्यार्थ्याने विद्यापीठात राहून काढले पाहिजे, असा नियम पुढे आला. संसार तर देशाच्या दुसऱ्या टोकाला, अटलांटिक समुद्राच्या बाजूस! नियमात सूट मिळाली नाही आणि पदवीही मिळाली नाही. त्यानंतर १९१२ साली त्यांची पाच वर्षांची कन्या मेरी घटसर्पाने दगावली. आईच्या हृदयाला झालेल्या या जखमेपुढे पदवीचे दुःख ते काय! तरीही त्यांनी लेखणी खाली ठेविली नाही. तोच प्रबंध प्रथम एका मासिकात क्रमशः आला आणि १९१४ साली 'व्यवस्थापनाचे मानसशास्त्र' या अर्थाच्या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. ग्रंथकर्त्री स्त्री आहे हे वाचकांस कळू नये म्हणून पुस्तकावर नावाची केवळ आद्याक्षरे छापण्यात आली.

पुस्तक निघाले, मग पुन्हा विद्यार्थिनी होण्याचे कारण काय, असे कोणीही विचारील. पण गिलब्रेथ कुटुंब प्रॉव्हिडन्स शहरी राहावयास गेले तेव्हा लिलियनबाईंनी तेथील ब्राउन विद्यापीठात नाव घातले आणि जुना प्रबंध पुढे न करता सर्वस्वी नवा लिहिला. शाळेत शिकविताना शिक्षकांचे व मुलांचे श्रम कोठे व्यर्थ जातात, हा त्याचा विषय. घरात लहान मुले, एक तर अगदी तान्हे. अशा स्थितीत १९१५ साली त्यांनी पीएच्. डी. ही पदवी संपादन केली. त्या वेळी त्यांचे वय सदतीस वर्षांचे होते.

या विद्येची खरी परीक्षा पुढेच व्हावयाची होती. १४ जून १९२४ रोजी फ्रँक यांचे हृदयविकाराने अकस्मात निधन झाले. पदरी अकरा मुले. थोरली वीस वर्षांची झालेली नव्हती, धाकटी दोन वर्षांची. युरोपातील परिषदांत पतीने निबंध वाचण्याचे कबूल केले होते. ते वचन पाळण्यासाठी लिलियनबाई थोड्याच दिवसांत आगबोटीवर चढल्या. परत आल्या तो अनेक कारखानदारांनी आपली कामे काढून घेतलेली. बाईमाणसाचा सल्ला कारखान्यात कशाला, असा त्यांचा विचार. तेव्हा त्यांनी राहत्या घरीच या शास्त्राची शिकवणी सुरू केली. कारखान्याची दारे बंद झाली म्हणून त्या स्वयंपाकघराकडे वळल्या. गृहिणीची पावले कशी वाचतील, ओटा किती उंचीचा असावा, कोणती वस्तू हाताशी ठेवावी, याचा त्यांनी तितक्याच शास्त्रीय बुद्धीने विचार केला. पुढे अपंग व हृद्रोगी स्त्रियांना झेपेल अशा स्वयंपाकघरांची रचनाही त्यांनी केली. अकराही मुलांना त्यांनी कॉलेजचे शिक्षण दिले.

१९३५ साली इंडियाना संस्थानातील पर्ड्यू विद्यापीठाने त्यांना प्राध्यापिका नेमले. तेथील इंजिनियरिंग विभागात प्राध्यापकपद मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत. १९४८ साली त्या तेथून निवृत्त झाल्या. त्याच वर्षी त्यांच्या दोन मुलांनी आपल्या घरातील गमतीजमतींवर लिहिलेले पुस्तक प्रसिद्ध होऊन घरोघर वाचले गेले. १९६५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय इंजिनियरिंग अकादमीने त्यांना सभासद निवडले. हा मानही स्त्रियांत प्रथम त्यांनाच मिळाला. २ जानेवारी १९७२ रोजी, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

आमच्या विद्यार्थी-विद्यार्थिनींनी या चरित्रातील एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९११ साली जे ज्ञान लिलियनबाईंपाशी होते, ते पदवी नाकारल्याने रतिमात्र उणे झाले नाही. १९२४ साली संकट कोसळले तेव्हा त्यांना तारिले ते त्याच ज्ञानाने. पदवीला त्या तुच्छ लेखीत नव्हत्या. तसे असते तर पुन्हा अभ्यासास बसल्याच नसत्या. निकालपत्रकात नाव लागावे यासाठी झटणे हे विद्यार्थ्याचे कर्तव्यच आहे. पण एखाद्या वर्षी ते न लागले तर आईबापांनी मुलाला जवळ बसवावे, वर्षभरात तू काय शिकलास असे प्रेमाने विचारावे, आणि त्या उत्तरापासून पुढील वर्षाचा आरंभ करावा, एवढीच आमची त्यांना नम्र विनंती आहे.