बाबासाहेबांचे व्हायोलिन

बाबासाहेबांचे नाव घेतले की आमच्या डोळ्यांपुढे हातातले पुस्तक, अंगावरचा कोट आणि उंचावलेले बोट उभे राहते. चौकाचौकातल्या पुतळ्यांनी हेच चित्र आमच्या मनावर कोरले आहे. पण या महामानवाच्या हातात व्हायोलिनही होते, हे आमच्या किती घरांत माहीत आहे? पुण्यात सिम्बायोसिस संस्थेने उभारलेल्या बाबासाहेबांच्या संग्रहालयात ते व्हायोलिन जपून ठेवलेले आहे. तेथे जाणारे समाजबांधव पलंगापुढे, भारतरत्नापुढे हात जोडतात आणि व्हायोलिनापुढून पुढे सरकतात. आमच्या मते तेथेही क्षणभर थांबले पाहिजे. कारण ते वाद्य बाबासाहेबांच्या आयुष्याविषयी बरेच काही सांगते आणि आमच्या आजच्या वागण्याविषयीही सांगते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे बाबासाहेबांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी लष्करात शिक्षक होते आणि घराणे कबीरपंथी होते. सकाळ-संध्याकाळ घरात भजन चाले. कबीराची पदे, तुकारामाचे अभंग लहानग्या भिवाच्या कानावर पडत. आई भीमाबाई लवकर गेल्या. आत्या मीराबाईंनी पोरांना सांभाळले. सातारच्या शाळेत गोणपाटावर बसावे लागे, पाण्याच्या नळाला हात लावता येत नसे, केस कापायला न्हावी मिळत नसे. अशा पोराला दिवसाच्या शेवटी घरात येऊन जे ऐकायला मिळे, ते जात न मानणाऱ्या कबीराचे गाणे होते. शाळेने जे नाकारले त्याचे उत्तर घरातल्या भजनात होते. पुढे बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि जोतिबा फुले यांना आपले तीन गुरू मानले. त्यातला कबीर त्यांना ग्रंथालयात भेटला नव्हता, तो बापाच्या आवाजातून भेटला होता.

आता त्या काळातल्या आमच्या समाजाचे आणि संगीताचे नाते पाहा. गावगाड्यात वाद्यांचीही वाटणी जातीप्रमाणे होती. हलगी आणि सनई मांगाने वाजवायची, दवंडी महाराने पिटायची, पायात चाळ कोल्हाटणीने बांधायचे. तमाशाच्या बोर्डावर नाचणारी बाई खालच्या जातीची आणि खाली बसून दौलतजादा करणारा पाटील वरच्या जातीचा. गळा आमचा, हात आमचे, चामडे आमचे, पण सूर मात्र दुसऱ्याच्या करमणुकीसाठी. आणि ज्याला शास्त्रीय म्हणून मान होता, त्या संगीताच्या बैठकीचा उंबरा आम्हाला बंद होता. मुंबईच्या शाळेत भीमरावाला संस्कृत शिकता आले नाही, फारसी घ्यावी लागली, हे सर्वांना माहीत आहे. स्वरांच्या बाबतीत आमच्या हजारो पोरांचे तेच झाले. फरक एवढाच की, त्याची नोंद कोणी ठेवली नाही.

म्हणूनच चळवळीच्या सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. पठ्ठे बापूराव आणि पवळा यांच्या तमाशाचे त्या काळी महाराष्ट्रभर नाव होते. त्या तमाशाचे खेळ लावून चळवळीला निधी देण्याची तयारी दाखवण्यात आली. चळवळीला पैशाची चणचण होती, तरी बाबासाहेबांनी तो पैसा नाकारला. अस्पृश्य बाईला नाचवून मिळवलेल्या पैशावर अस्पृश्यांच्या मुक्तीचा लढा चालवायचा नाही, ही त्यामागची भूमिका होती. यावरून कोणी असा अर्थ काढू नये की, बाबासाहेबांना गाणेबजावणे नकोसे होते. पवळा मोठी कलावंत होती. तिच्या गळ्यात खोट नव्हती. खोट होती ती तिला बोर्डावर उभे करणाऱ्या आणि उतरल्यावर तिचा विटाळ मानणाऱ्या व्यवस्थेत.

गाण्याला विरोध नव्हता याचा पुरावा म्हणजे आंबेडकरी जलसा. सत्यशोधकांनी तमाशाच्या साच्यात जलसा उभा केला होता. तीच वाट धरून नाशिक भागात भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे सुरू केले. ढोलकी तीच, तुणतुणे तेच, झांज तीच. पण देवाच्या गणाची आणि कृष्णाच्या गवळणीची जागा शिक्षणाने, सत्याग्रहाने, मेलेली ढोरे न ओढण्याच्या निर्धाराने घेतली. ज्याला वाचता येत नव्हते त्याच्यापर्यंत चळवळ गाण्यातून पोचली. बाबासाहेबांनी हे जलसे पाहिले, कलावंतांची पाठ थोपटली आणि त्यांच्या कामाचे मोल आपल्या भाषणांपेक्षाही अधिक मानले. जो माणूस शब्दाशब्दाला तोलून बोलत असे, त्याने दिलेली ही पावती आहे. आमच्या शाहिरांनी ती विसरू नये.

आता व्हायोलिनाकडे येऊ. १९१३ साली कोलंबिया, १९१६ साली लंडन, अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी १९२० साली पुन्हा लंडन. मग महाड, काळाराम, गोलमेज परिषद, पुणे करार. २७ मे १९३५ रोजी माता रमाई गेल्या. त्याआधी चार लेकरे मातीत गेली होती. पुढे मजूरमंत्रीपद, घटनेचे काम, हिंदू कोड बिल आणि १९५१ साली मंत्रिमंडळाचा राजीनामा. साखरेच्या आजाराने शरीर पोखरलेले, पाय दुखत असलेले. या धबडग्यात माणसाला श्वास घ्यायला उसंत कुठली? पण आयुष्याच्या उत्तरार्धात बाबासाहेबांनी व्हायोलिन हातात घेतले, शिक्षकाकडून धडे घेतले. चित्रकलेचाही नाद त्यांनी लावून घेतला.

व्हायोलिन हे सोपे वाद्य नाही. पेटीवर पट्टी दाबली की सूर येतो. सतारीला पडदे असतात, बोट कुठे ठेवायचे ते कळते. व्हायोलिनाच्या तारेवर कसलीही खूण नसते. बोट केसभर सरकले तरी सूर बेसूर होतो आणि तो बेसूर वाजवणाऱ्याला स्वतःच्या कानाने ओळखावा लागतो. ज्याच्या विद्वत्तेपुढे देशाची संसद चूप बसत होती, तो माणूस उतारवयात शिक्षकापुढे विद्यार्थी होऊन बसला. आम्ही बाबासाहेबांना विद्यार्थी म्हणतो ते पदव्यांमुळे. आम्हाला वाटते, त्यांच्या विद्यार्थीपणाची खरी खूण येथे आहे. या शिकण्यातून पदवी मिळणार नव्हती, निवडणूक जिंकायची नव्हती, कोणाला उत्तर द्यायचे नव्हते.

यातच मोठी गोष्ट दडलेली आहे. ज्या समाजाच्या हातात वाद्य आले ते दुसऱ्याच्या लग्नात, दुसऱ्याच्या जत्रेत, दुसऱ्याच्या हुकमावरून, त्या समाजातला एक माणूस आपल्या घरात, आपल्या मर्जीने, आपल्या आनंदासाठी वाद्य वाजवतो. गुलामाच्या वाट्याला फुरसत नसते. स्वातंत्र्याचा अर्थ भाकरी, मत आणि नोकरी एवढाच असता, तर बाबासाहेबांनी ते व्हायोलिन घेतलेच नसते. माणसाला मन आहे आणि मनाच्या मशागतीचा त्याला हक्क आहे, हेही ते स्वातंत्र्यात धरत होते.

काही बांधव विचारतील, धम्मात नाचगाणे वर्ज्य सांगितले आहे ना? हा प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर स्पष्ट देतो. गायन-वादनापासून दूर राहण्याचे शील भिक्खूंसाठी आहे आणि उपोसथाच्या दिवशी अष्टशील पाळणाऱ्या उपासकांसाठी आहे. रोजच्या पंचशीलात ते नाही. उलट पाली साहित्यातली सोण भिक्खूची गोष्ट आठवा. सोण पूर्वी वीणा वाजवत असे. साधनेत त्याने स्वतःला इतके ताणले की पाय रक्ताळले. तेव्हा तथागतांनी त्याला वीणेच्या तारेचाच दाखला दिला. तार फार ताणली तरी सूर लागत नाही आणि सैल सोडली तरी लागत नाही. मध्यम मार्ग समजावताना ज्या शास्त्याने वीणेचा दाखला दिला, त्याच्या धम्मात सुरांचे वावडे कसे असेल? बाबासाहेबांनी सिद्ध केलेला बौद्ध पूजापाठ आम्ही विहारात म्हणतो तोही एका लयीत, एका सुरातच म्हणतो.

आणि ती अखेरची रात्र. ५ डिसेंबर १९५६. दिल्ली, २६ अलीपूर रोड. दीक्षाभूमीवरच्या सोहळ्याला दोन महिनेही झाले नव्हते. शरीर थकलेले होते. सेवेत असलेल्या नानकचंद रत्तू यांनी त्या रात्रीच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. बाबासाहेब डोळे मिटून बुद्धवंदना गुणगुणू लागले. रेडिओग्रामवर त्याच गीताची तबकडी लावायला सांगितली आणि तिच्यासोबत स्वतः गात राहिले. नंतर जेवायला जाताना काठीच्या आधाराने चालत ते कबीराचे पद गुणगुणत होते. मग ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाची प्रस्तावना उशाशी मागून घेतली. सकाळी देश पोरका झाला. महूच्या घरात बापाने कानात घातलेला कबीर पासष्ट वर्षांनीही ओठावर होता आणि त्याच्या शेजारी आता बुद्ध होता. हे सारे जीवन दोन गाण्यांच्या मधले आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

मग आज आम्ही काय करतो आहोत? १४ एप्रिलला ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर चढतात. छाती हादरते, म्हातारी माणसे घरात दारे लावून बसतात, तान्ही पोरे रडतात. गाण्यातला एक शब्द कळत नाही. देशवंडीच्या वामनदादा कर्डकांनी, उशिरा अक्षरे शिकलेल्या त्या महाकवीने, २००४ साली जाईपर्यंत गावोगाव पायपीट करून भीम घराघरात पोचवला. त्यांची गाणी या गोंगाटात ऐकू येतात काय? आम्ही पोरांच्या उत्साहाच्या विरोधात नाही. ज्यांना शतकानुशतके रस्त्यावरून मान खाली घालून जावे लागले, त्यांनी वर्षातून एक दिवस रस्ता दणाणून सोडला तर त्याचे दुःख आम्हाला नाही. पण जलशाची ढोलकी अनाडी माणसाला शहाणा करत होती. हा आवाज शहाण्यालाही बहिरा करतो, हे दुःख आहे. शिवाय वर्गणी आमची आणि नफा भाड्याने आवाज देणाऱ्याचा!

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक मंडळाने एका दिवसाच्या डीजेचे भाडे कागदावर मांडावे आणि त्यात किती पेट्या, किती ढोलक्या, किती तबले येतात याचा हिशेब करावा. विहारात रविवारी वंदनेनंतर तासभर मुलामुलींना सूर शिकवावा. वस्तीतल्या जुन्या गायन पार्टीच्या म्हाताऱ्या गायकाला सन्मानाने बोलावून त्याची गाणी उतरवून घ्यावीत, कारण तो गेला की ती गाणीही जातील. आणि एखाद्या पोरीने शास्त्रीय संगीत किंवा व्हायोलिन शिकायचे म्हटले, तर हे आपले काम नव्हे असे तिला कोणी म्हणू नये.

ते आपलेच काम आहे. बाबासाहेबांनी ते स्वतः करून दाखवले आहे.