राजांसाठी घडविलेली मोटार : एत्तोरे बुगाटी

केवळ राजेमहाराजांसाठी मोटार घडविण्याचा संकल्प करणारे एत्तोरे बुगाटी यांच्या त्या मोटारीला अखेरपर्यंत एकही राजा ग्राहक म्हणून लाभला नाही.

बुगाटी यांचा जन्म इटलीतील मिलान येथे १५ सप्टेंबर १८८१ रोजी कलावंतांच्या घराण्यात झाला. वडील कार्लो हे फर्निचरचे नामवंत रचनाकार, तर धाकटे बंधू रेम्ब्रांट हे प्राण्यांची शिल्पे घडविणारे शिल्पकार होते. १९०९ मध्ये एत्तोरे यांनी अल्सास प्रांतातील मोल्साइम येथे कारखाना सुरू केला. तेव्हा जर्मनीच्या ताब्यात असलेला हा प्रांत पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे आला. त्यांच्या मोटारींनी १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षे सिसिलीतील टार्गा फ्लोरिओ शर्यत जिंकली. शर्यतीतील विजय हीच बुगाटी यांची जाहिरात होती.

मात्र राजघराण्यांत मान होता तो रोल्स-रॉईसला. तिच्याहूनही श्रेष्ठ मोटार घडविण्याच्या जिद्दीतून १९२६ च्या सुमारास टाइप ४१, म्हणजेच ‘रोयाल’ साकारली. सुमारे साडेसहा मीटर लांबीच्या या मोटारीचे इंजिन पावणेतेरा लिटर क्षमतेचे होते. रेडिएटरवर रेम्ब्रांट यांच्या शिल्पावरून घडविलेला, मागच्या पायांवर उभा राहिलेला हत्ती विराजमान झाला. रेम्ब्रांट यांनी १९१६ मध्येच आपली जीवनयात्रा संपविली होती.

अशा २५ मोटारी बनविण्याचा बुगाटी यांचा मानस होता. ग्राहकाची ऐपत पुरेशी नाही, त्याची प्रतिष्ठाही तोलामोलाची हवी, अशी त्यांची भूमिका सांगितली जाते. अल्बानियाचे राजे झोग यांचे जेवणाच्या मेजावरील वर्तन न रुचल्याने त्यांना मोटार नाकारल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. खरीखोटी कशीही असो, अशा आख्यायिकांनी मोटारीचा दबदबा वाढविला. विक्री मात्र वाढली नाही. १९२९ च्या अखेरीस जागतिक मंदी सुरू झाली. स्पेनचे राजे अल्फोन्सो हे संभाव्य ग्राहक मानले जात होते, परंतु १९३१ मध्ये त्यांचेच सिंहासन गेले. एकूण सहाच मोटारी तयार झाल्या आणि त्यांतील तीनच विकल्या गेल्या. १९३२ मधील पहिले ग्राहक आर्मां एस्देर हे कापड व्यवसायातील उद्योजक होते. रात्री मोटार चालवायची नसल्याने त्यांनी पुढचे दिवे बसवूच दिले नाहीत!

कारखान्याला हात दिला तो रेल्वेने. रोयालसाठी विकसित केलेली इंजिने बसविलेले वेगवान रेल्वे डबे बुगाटी यांनी फ्रान्सच्या रेल्वेला पुरविले. जी यंत्रे राजांच्या सेवेस जायची, ती सामान्य प्रवाशांची वाहतूक करू लागली.

पुढील काळ दुःखाचा ठरला. १९३६ मधील कामगारांच्या संपाने बुगाटी व्यथित झाले. ११ ऑगस्ट १९३९ रोजी मोटारीची चाचणी घेताना त्यांचे सुपुत्र व कुशल रचनाकार ज्यां यांचा अपघाती मृत्यू झाला. पाठोपाठ युद्ध सुरू होऊन कारखाना जर्मनांच्या हाती गेला. २१ ऑगस्ट १९४७ रोजी पॅरिस येथे एत्तोरे बुगाटी यांचे निधन झाले.

न विकल्या गेलेल्या तीन रोयाल तेव्हाही कुटुंबाकडेच होत्या. त्यांतील एक मोटार १९८७ मध्ये लंडनमधील लिलावात ५५ लाख पौंडांना विकली गेली.