दोन देशांचा संसार : युंग विंग यांच्या पैशाची आणि पेशाची कहाणी

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड शहरात सीडर हिल नावाची दफनभूमी आहे. तेथे एक चिनी गृहस्थ आणि त्यांच्या अमेरिकन पत्नीने चिरविश्रांती घेतली आहे. हे गृहस्थ म्हणजे युंग विंग. अमेरिकेतील विद्यापीठाची पदवी मिळवणारे पहिले चिनी विद्यार्थी आणि चीनच्या १२० मुलांना सरकारी खर्चाने अमेरिकेत शिकायला आणणारे शिक्षणप्रसारक म्हणून इतिहास त्यांना ओळखतो. त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. कमाई एका देशात, घर दुसऱ्या देशात आणि नागरिकत्वाचा भरवसा कुठेच नाही, अशा अवस्थेत त्यांनी संसार केला. लाखो ताएल चांदीच्या सरकारी योजनांचा हिशेब मांडणाऱ्या या माणसाची अखेरची वर्षे आर्थिक ओढगस्तीत गेली.

युंग विंग यांचा जन्म १७ नोव्हेंबर १८२८ रोजी दक्षिण चीनमधील मकावजवळच्या नानपिंग या खेड्यात झाला. घरची स्थिती बेताचीच होती. परक्यांशी व्यापार वाढत असल्याने इंग्रजी जाणणाऱ्या मुलाला चार पैसे मिळतील, असा त्या भागातील अनेकांचा होरा होता. सातव्या वर्षी युंग विंग मकावमधील मिशनरी बाईंच्या शाळेत दाखल झाले. १८४० मध्ये वडील वारले आणि शिक्षण थांबले. पहाटे तीनला उठून हा मुलगा गावोगाव मिठाई विकत फिरे, संध्याकाळी सहाला घरी येई आणि दिवसाची २५ सेंटची कमाई आईच्या हातावर ठेवी. पुढे मॉरिसन शाळेत पुन्हा प्रवेश मिळाला. तेथील मुख्याध्यापक सॅम्युएल ब्राऊन १८४७ मध्ये मायदेशी परतताना तीन विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन गेले. त्यांत युंग विंग होते. हाँगकाँगमधील हितचिंतकांनी प्रवास आणि शिक्षणाचा खर्च उचललाच, शिवाय मुलांच्या घरच्यांच्या चरितार्थाचीही दोन वर्षांची सोय केली. त्या तरतुदीशिवाय विधवा आईने मुलाला पाठवणे अवघड होते.

मॅसॅच्युसेट्समधील मॉन्सन अकादमीत शिकत असताना त्यांच्यापुढे पहिला मोठा पेच उभा राहिला. येल महाविद्यालयात जाण्यासाठी पैसा हवा होता आणि अकादमीच्या विश्वस्तांकडे निधी होता. मात्र शिक्षणानंतर मिशनरी होण्याची लेखी हमी द्यावी, अशी अट होती. युंग विंग यांनी हा पैसा नाकारला. चीनच्या उपयोगी पडण्याचा मार्ग आधीच बांधून घेणे त्यांना मान्य नव्हते. अखेर जॉर्जियातील सवाना येथील महिला मंडळाने मदत केली. उरलेला खर्च त्यांनी विद्यार्थ्यांच्या भोजनगृहाची व्यवस्था पाहून आणि ग्रंथालयात काम करून भागवला. १८५२ मध्ये त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आणि १८५४ मध्ये येलची पदवी मिळवली.

१८५५ मध्ये ते घरी परतले तेव्हा आईने पदवी पाहून एक व्यवहारी प्रश्न विचारला. या कागदाने किती रोख रक्कम मिळणार, हे तिला जाणून घ्यायचे होते. विद्या हे पैशापेक्षा मोठे सामर्थ्य आहे, असे मुलाने समजावले. मात्र पुढील काही वर्षे आईचाच प्रश्न त्यांचा पाठपुरावा करीत राहिला. कँटनमध्ये अमेरिकी प्रतिनिधीच्या कार्यालयात महिना १५ डॉलर मिळत. ती नोकरी तीन महिन्यांत सुटली. हाँगकाँगच्या न्यायालयात दुभाषाचे काम करताना ७५ डॉलर मिळू लागले. तेथे वकिलीचे शिक्षण सुरू करताच ब्रिटिश वकिलांनी विरोध केला. शांघायच्या जकात खात्यातील दुभाष्यांमध्ये लाचखोरी बोकाळलेली त्यांना दिसली. शिवाय चिनी माणूस तेथे वरच्या पदावर पोहोचणार नाही, हेही उघड झाले. राजीनामा देताच वरिष्ठांनी पगार वाढवून २०० ताएल देऊ केला. ताएल हे चांदीच्या वजनाचे चिनी एकक असून मोठे व्यवहार त्यातच होत. युंग विंग यांनी ती वाढ नाकारली. एवढ्या पगारावर पाणी सोडणाऱ्या तरुणाला परिचितांनी वेड्यात काढले असल्यास नवल नाही.

त्यानंतर ते चहा आणि रेशमाच्या व्यापारात शिरले. यादवी युद्धाने होरपळलेल्या प्रदेशातून त्यांनी चहाखरेदीसाठी प्रवास केला. हा काळ त्यांच्या आयुष्यात आर्थिकदृष्ट्या सर्वांत स्वतंत्र होता. मात्र १८६३ मध्ये प्रांतिक सत्ताधीश झेंग ग्वोफान यांनी त्यांना बोलावून अमेरिकेतून यंत्रे आणण्यासाठी ६८,००० ताएल सोपवले. अमेरिकेत त्या वेळी गृहयुद्ध सुरू होते. मॅसॅच्युसेट्समधील फिचबर्गच्या पुटनम कंपनीकडून त्यांनी यंत्रे बनवून घेतली आणि ती शांघायच्या जिआंगनान शस्त्रनिर्मिती कारखान्यात बसवली गेली. या कामगिरीमुळे त्यांना सरकारी दर्जा मिळाला. चहाचा व्यापार मागे पडला आणि पुढचे आयुष्य सरकारी चाकरीला बांधले गेले.

मनातील खरी योजना त्यांनी येलमध्ये असतानाच आखली होती. चीनच्या मुलांनाही तसेच शिक्षण मिळावे, हा त्यांचा ध्यास होता. १८७१ च्या सुमारास बादशाही दरबाराने तिला मान्यता दिली. दरवर्षी ३० याप्रमाणे चार वर्षांत १२० मुले अमेरिकेला पाठवायची, त्यांनी १५ वर्षे शिकायचे आणि २० वर्षांत सुमारे १२ लाख ताएल खर्च जकातीच्या उत्पन्नातून भागवायचा, असा आराखडा होता. पहिली तुकडी १८७२ मध्ये पोहोचली. मुले न्यू इंग्लंडमधील कुटुंबांत दोघे-चौघे करून राहू लागली आणि हार्टफर्ड हे मोहिमेचे मुख्यालय झाले.

याच काळात युंग विंग यांची मेरी लुईझा केलॉग यांच्याशी ओळख झाली. त्या कनेक्टिकटमधील एव्हन गावच्या, डॉक्टरांच्या घरातील कन्या. २४ फेब्रुवारी १८७५ रोजी त्यांचा विवाह झाला. धर्मोपदेशक जोसेफ ट्विचेल यांनी तो लावला. वर ४६ वर्षांचा आणि वधू विशीतली. चिनी पुरुष आणि गोरी स्त्री यांचा विवाह त्या काळी अमेरिकेतही दुर्मीळ होता आणि चिनी अधिकाऱ्यांतील सनातनी मंडळींना तो मुळीच रुचणारा नव्हता. ज्या दरबाराच्या वेतनावर हे घर चालणार होते, त्याच दरबारातील विरोधकांच्या हाती या विवाहामुळे टीकेचे आयते साधन आले. तरीही संसार बहरला. मॉरिसन ब्राऊन आणि बार्टलेट गोल्डन ही दोन मुले झाली. त्याच सुमारास अमेरिका, स्पेन आणि पेरूसाठी चीनचे सहमंत्री म्हणून युंग विंग यांची नेमणूक झाली. येलने १८७६ मध्ये त्यांना सन्माननीय पदवी दिली आणि त्यांनी आपला चिनी ग्रंथसंग्रह येलला दिला.

या घराचा आर्थिक पाया मात्र एकाच खांबावर उभा होता. शिक्षण मोहीम आणि मंत्रिपद या दोन्हींचे वेतन बीजिंगहून येई. विद्यार्थी वेणी कापू लागले, चर्चमध्ये जाऊ लागले, चिनी अभ्यासाकडे दुर्लक्ष करू लागले, अशा तक्रारी दरबारात पोहोचत होत्या. दुसरीकडे अमेरिकेने या विद्यार्थ्यांना लष्करी आणि नौदल अकादमींत प्रवेश नाकारला आणि चिनी मजुरांविरुद्धचा रोष वाढत गेला. १८८१ मध्ये मोहीम गुंडाळण्यात आली आणि बहुतेक मुले पदवी न घेताच परतली. युंग विंग यांच्या मंत्रिपदाची मुदतही संपली. दोन्ही उत्पन्ने एकाच वर्षी थांबली.

नियमाप्रमाणे हजेरी देण्यासाठी ते बीजिंगला गेले. पत्नी आणि दोन लहान मुले हार्टफर्डलाच राहिली. बीजिंगमध्ये त्यांनी अफूबंदीची योजना मांडली. त्या वेळी भारतातून मोठ्या प्रमाणावर अफू चीनला जात होती आणि माळव्यातील अफूचा माल मुंबई बंदरातून निघे. ही आयात आणि चीनमधील खसखशीची लागवड दोन्ही थांबवावीत, असा त्यांचा प्रस्ताव होता. तो राबवण्यास योग्य माणसे नाहीत, या कारणाने तो बाजूला पडला.

इकडे पतीचा दरबारात शिरच्छेद होईल, या भीतीने मेरी खचत गेल्या. १८८३ मध्ये युंग विंग परतले तेव्हा त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. मधल्या काळात अमेरिकेत १८८२ चा चिनी प्रतिबंध कायदाही आला होता. चीनमध्ये गेल्यास पद मिळण्याची आशा होती, तर अमेरिकेत राहिल्यास पत्नीची शुश्रूषा करता येणार होती. त्यांनी पत्नीजवळ राहणे पसंत केले. हवापालटासाठी उन्हाळे कनेक्टिकटच्या डोंगराळ भागात आणि एक हिवाळा जॉर्जियातील अटलांटा शहरात काढला. २८ मे १८८६ रोजी मेरी यांचे मूत्रपिंडाच्या विकाराने निधन झाले. त्यांचे वय अवघे ३५ होते. मुले सात आणि नऊ वर्षांची होती. पुढील काही वर्षे युंग विंग यांनी मुख्यतः मुलांच्या संगोपनात घालवली. या निवडीमुळे चीनमधील त्यांची उमेदीची वर्षे गेली, पण मुलांना बाप मिळाला.

१८९४ मध्ये चीन-जपान युद्ध पेटले आणि मायदेशाने पुन्हा साद घातली. युद्धासाठी दीड कोटी डॉलरचे कर्ज उभारण्यास ते लंडनला गेले. कर्जाला जकातीचे उत्पन्न तारण हवे होते आणि ते तारण द्यायला बीजिंगमधून नकार आल्याने व्यवहार फिसकटला. १८९५ मध्ये चीनला जाण्यापूर्वी त्यांनी मुलांची व्यवस्था लावली. थोरला येलमध्ये होता आणि धाकट्याला ट्विचेल कुटुंबाच्या हवाली केले. लग्न लावणारे घरच आता मुलाचे पालक झाले.

बीजिंगमध्ये त्यांनी राष्ट्रीय बँकेची योजना तयार केली. अमेरिकेच्या बँक कायद्याचा चिनी अनुवाद केला आणि भांडवलासाठी एक कोटी ताएलची कल्पना पुढे आली. मात्र बलाढ्य उद्योगाधिकारी शेंग श्वानहुआय यांनी आपले वजन वापरले आणि १८९७ मध्ये त्यांचीच बँक उभी राहिली. त्यानंतरच्या तियानजिन-झेनजियांग रेल्वेच्या योजनेला जर्मनीने आक्षेप घेतला. परकीय भांडवल नको, चिनी भांडवलच उभारा, अशी अट सरकारने घातल्यावर तीही संपली. या दोन्ही योजनांत त्यांचे ज्ञान पणाला लागले, पण पाठीशी स्वतःचा पैसा नव्हता आणि दरबारात गटही नव्हता.

१८९८ हे वर्ष निर्णायक ठरले. सुधारणावाद्यांशी जवळीक असल्याने राजवाड्यातील उलथापालथीनंतर त्यांना शांघायमधील परकीय वसाहतीत आश्रय घ्यावा लागला. त्याच वर्षी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने त्यांचे ४६ वर्षांपूर्वीचे नागरिकत्व ग्राह्य धरण्यास नकार दिला. चिनी व्यक्तीला नागरिकत्व मिळूच शकत नाही, असे तोवर अमेरिकी न्यायालयाने ठरवले होते. ज्या देशात पत्नीचे थडगे होते आणि मुले वाढत होती, त्या देशात ते परके ठरले. ज्या देशाची चाकरी केली, तेथे जिवाला धोका होता. हाँगकाँगमध्ये काही काळ काढून १९०२ मध्ये ते अमेरिकेत पोहोचले, कारण बार्टलेट येलची पदवी घेणार होता. थोरल्या मॉरिसनने ती १८९८ मध्येच घेतली होती आणि तो सोहळा वडिलांना पाहता आला नव्हता.

उर्वरित आयुष्य त्यांनी हार्टफर्डमध्ये साधेपणाने काढले. १९०९ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी बीजिंग-झांगजियाकोऊ रेल्वेमार्ग सुरू झाला. चिनी अभियंत्यांनी बांधलेल्या या मार्गाचे प्रमुख झान तियानयो हे मोहिमेतील १२० मुलांपैकी एक होते आणि माघारी बोलावणे येण्यापूर्वी येलची पदवी मिळालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत त्यांचा समावेश होता. मार्च १९१२ मध्ये चिनी प्रजासत्ताकाचे पहिले पंतप्रधान झालेले तांग शाओयी हेही त्याच मोहिमेतले. त्यानंतर काही आठवड्यांनी, २१ एप्रिल १९१२ रोजी, युंग विंग यांचे हार्टफर्डमध्ये निधन झाले. वय ८३ होते. मागे मालमत्ता म्हणावी असे फारसे काही नव्हते.

बँक, रेल्वे आणि कर्जउभारणी या त्यांच्या प्रत्येक उद्योगाचा हिशेब तोट्यात निघतो. शिक्षणावर खर्च झालेली रक्कम तेवढी फळली, तीही इतरांच्या आयुष्यात. त्यांच्या दोन्ही मुलांनी वडिलांच्या देशात जाऊन काम केले. पदवीच्या कागदाने किती रोकड मिळणार, या आईच्या प्रश्नाला मुलाकडे अखेरपर्यंत आकड्यात देता येईल असे उत्तर नव्हते. सीडर हिलमध्ये मेरी यांच्या शेजारीच त्यांना दफन करण्यात आले. ज्या अमेरिकेने नागरिक म्हणून नाकारले, तिच्याच मातीत त्यांना कायमची जागा मिळाली.