मोठ्यांचे शंकर, मुलांचे शंकर

वर्गात डुलकी घेणाऱ्या शिक्षकांचे चित्र काढून मुख्याध्यापकांचा रोष ओढवून घेणारा केरळमधील कायमकुळमचा एक विद्यार्थी पुढे देशाच्या पंतप्रधानांना चिमटे काढू लागला. ३१ जुलै १९०२ रोजी जन्मलेले केशव शंकर पिल्लै देशाला केवळ ‘शंकर’ या नावाने परिचित झाले.

त्रिवेंद्रमला विज्ञानाची पदवी घेऊन ते कायदा शिकण्यासाठी मुंबईत आले. वकिली राहून गेली. चित्रे मात्र ‘बॉम्बे क्रॉनिकल’ आणि ‘फ्री प्रेस जर्नल’मधून झळकू लागली. १९३२ मध्ये संपादक पोथन जोसेफ यांनी त्यांना दिल्लीच्या ‘हिंदुस्तान टाइम्स’मध्ये नेले. १९४८ मध्ये त्यांनी ‘शंकर्स वीकली’ सुरू केले. प्रकाशनाला आलेल्या नेहरूंनी आपल्यालाही सोडू नका, असे सांगितले. शंकर यांनी ते शब्दशः पाळले. अबू अब्राहम, ओ. व्ही. विजयन यांच्यासारखे व्यंगचित्रकार याच साप्ताहिकात घडले.

राजकारणाच्या या धबडग्यातच १९४९ मध्ये त्यांनी मुलांसाठी चित्रस्पर्धा सुरू केली. ती लवकरच जगभरच्या मुलांची झाली. स्पर्धेच्या बक्षिसासाठी हंगेरीच्या राजदूतांनी दिलेल्या एका बाहुलीपासून शंकर यांना बाहुल्या जमविण्याचा छंद जडला आणि १९६५ मध्ये दिल्लीत बाहुल्यांचे संग्रहालयच उभे राहिले. त्याहून मोलाचे काम १९५७ मधले. मुलांच्या हाती सुबक, स्वस्त आणि आपल्या मातीतली पुस्तके पडावीत म्हणून त्यांनी ‘चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट’ स्थापन केला. तेथे ते नुसते विश्वस्त म्हणून मिरवले नाहीत. स्वतः गोष्टी लिहिल्या, त्यांची चित्रेही काढली. ‘लाइफ विथ ग्रँडफादर’मधले आजोबा आणि खोडकर नातू त्यांच्या स्वतःच्या बालपणातून आले होते.

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. ३१ ऑगस्टला ‘शंकर्स वीकली’चा शेवटचा अंक निघाला. हास्य आणि हुकूमशाही यांचे जमत नाही, हे निरोपाच्या लेखात सभ्य शब्दांत नोंदवून शंकर यांनी साप्ताहिकाला पूर्णविराम दिला. पुढच्याच वर्षी त्याच सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले, हा योगायोग एखाद्या व्यंगचित्राला शोभावा असाच! मुलांचे काम मात्र थांबले नाही. २६ डिसेंबर १९८९ रोजी त्यांचे निधन झाले.

तरीही त्यांची रेषा एकदा पुन्हा वादात सापडली. राज्यघटनेच्या कामाला लागणाऱ्या विलंबावर १९४९ मध्ये काढलेले त्यांचे एक व्यंगचित्र अकरावीच्या पाठ्यपुस्तकात होते. गोगलगायीवर बसलेले डॉ. आंबेडकर आणि मागे चाबूक उगारलेले नेहरू असे ते चित्र. मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला. चाबकाचा रोख गोगलगायीवर की बाबासाहेबांवर, हा प्रश्न अनेकांच्या दृष्टीने हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता, आणि ती वेदना खरी होती. चित्र पुस्तकातून काढून टाकण्याचे सरकारने जाहीर केले. उभा जन्म मुलांच्या हाती पुस्तके देण्यात घालविलेल्या शंकर यांचे चित्र मुलांच्याच पुस्तकातून वगळले गेले.